मधुकाकांची छान प्रगती

३ फेब्रुवारी
आज सकाळी मुलानं, अमेयनं, मला कन्नडच्या घरून गारखेड्याच्या या पुनर्वसन केंद्रात आणून सोडलं. पक्षाघाताला महिना झाला. उजवा हात लुळा आहे, म्हणून हे डाव्या हातानं. अक्षर तिरकं येतंय, पण पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं टिपणं लिहिलेल्या मधुसूदनला तेवढं चालायचंच! जागा झकास आहे. खोलीत भरपूर ऊन, खिडकीशी कडुनिंब. इथल्या मदतनीस मुक्ताबाई बिडकीनच्या. बिनसाखरेचा चहा मागितला, तर त्यांनी निव्वळ पाक आणून दिला. बाई प्रेमळ, पण ऐकू कमी येत असावं.

५ फेब्रुवारी
व्यायाम घेणाऱ्या प्रेरणा मॅडम तरुण आहेत, हुशार आहेत. हृदयाचा दम वाढला की पुन्हा झटका यायची भीती कमी होते, असं त्यांनी नीट समजावलं. सायकल मोटरवर फिरते, पाय पट्ट्यांनी बांधतात. सातव्या मिनिटाला छातीवर पोतं ठेवल्यासारखं झालं, कळ जबड्यापर्यंत गेली. थांबवा, थांबवा म्हणून मी ओरडलो. मॅडम हसून शाब्बास म्हणाल्या. यांनाही ऐकू येत नाही की काय?

७ फेब्रुवारी
अमेय आला होता. मॅडमनी पाठवलेला माझा व्हिडिओ त्यानं कौतुकानं दाखवला. त्यात मी घामाघूम होऊन एकच शब्द ओरडतोय. बरंय, बरंय, बरंय.
मी थांबवा म्हणालो होतो. माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे आल्यापासून मी जे जे बोललो, ते सगळं... मला भीती वाटतेय.

८ फेब्रुवारी
हरकत नाही, लिहिता तर येतंय. ‘छातीत दुखतं, डॉक्टरांना बोलवा’ असं ठळक लिहून वही मॅडमपुढे धरली. त्यांनी ती आडवी धरली, उलटी धरली, मग मुक्ताबाईंना दाखवली. मुक्ताबाई म्हणाल्या, “काकांनी लई भारी रेघोट्या मारल्या की!” पानावर लाल चांदणी काढून मिळाली.
मी दहा वेळा पाहिलं. स्वच्छ मराठी आहे. मला शब्द न् शब्द लागतोय.

१० फेब्रुवारी
छातीवर हात ठेवून दाखवला. मुक्ताबाईंनी उलट नमस्कार केला. मान हलवून नाही म्हटलं, तर अमेयनं सांगूनच ठेवलंय म्हणे, बाबा आळशी आहेत, त्यांचं ऐकू नका. आज बारा मिनिटं. कळ आता नुसतं बसल्या जागीही —

११ फेब्रुवारी
उद्या वीस. कमरेलाही पट्टा. पुन्हा लिहून दाखवलं. पुन्हा चांदणी —

१२ फेब्रुवारी
अमेय आलाय. मोबाइल हातात, वीस मिनिटांचं शूटिंग करायचंय त्याला. मुक्ताबाई चाकाची खुर्ची आणायला गेल्यात. वही त्याच्या हातात देणार. पोटचा पोर आहे, त्याला लागेल माझं अक्षर. लागायलाच —
अमेय, बाळा, नीट वाच. मी आळस करत नाही रे. मला बांधू देऊ नकोस. छातीत आत्ता —