बस म्हटल्यावरची पळी

रविवार, डिसेंबर. जसोंडीहून आत्ताच घरी आले.

आज बाबांच्या शेतात केळीचा घड एकटीने उचलून ट्रॉलीत ठेवला. दिवाळीआधी असा घड माझ्याकडून जागचा हलत नव्हता. जिमचा कोच रोज बजावतो, "दीदी, खाना कम, प्रोटीन पूरा, वजन भारी उठाना." मला वाटायचं, अर्ध्या पोटी ताकद कुठून येणार? पण आली की! दंड कसा टणक झालाय. बाबा बघतच राहिले.

मग जेवायला बसलो. आई गेल्यापासून वरण-बट्टी बाबाच करतात. आमच्याकडे खाणारा "बस" म्हणेपर्यंत वाढणारा तूप थांबवत नाही. मी मात्र बट्टी कुस्करायच्या आधीच ताटावर हात आडवा धरला. "बस, बाबा."

त्यांची पळी तशीच थांबली. "थोडंसं बी नाही?"

"नको. वजन उतरवायचंय ना."

"बरं बेटा, तुझं तुला माहीत." आणि तूप परत बरणीत ओतलं.

तेव्हापासून ती पळी डोळ्यांसमोरून जात नाही. भूक राहिली का? नाही, पोट भरलं होतं. तूप तर खरंच नको होतं. मग हवं काय होतं मला?

आई "बस" कधी ऐकायचीच नाही. मी चिडून असाच हात आडवा धरायचे, तर ती सरळ बोटांवरून ओतायची.

आज हात कोरडाच राहिला.