मेंबरबाईचं काय म्हननं हाये?

मु. जांभळवाडी, ता. मालेगाव, जि. वाशीम
१७ ऑगस्ट २०२५

लाडाच्या पल्लवीले,

मावशीचा जयभीम. आमी इकडं बरे हाओत. सोयाबीन फुलावर हाये, पान्यानं उघाड देल्ली, तुह्या काकाचा गुडघा जसा होता तसाच कुरकुरते. तुही माय म्हने, पोरगी वाळून राह्यली. वाशीमच्या खानावळीत काय भेटते मले मालूम हाये. येतानी लोनचं आनीन.

तुहे फोन म्या उचलले नाही. रेंज नव्हती असं सांगनार होती, पन रेंज चांगली हाये. तू "मावशी, आयक ना व" म्हनतं अन मी पाघळतो, म्हनून चिठ्ठी.

तू अन तुही मैत्रीन अफ्रीन मोबाइलवर ते गप्पाचं पॉडकास्ट सुरू करून राह्यल्या, लय चांगलं हाये. नावबी झकास, 'कचरू नको'. लोकाइले चारचौघात बोलाची लाज वाट्टे, आपल्यानं होईल का वाट्टे, त्याच्यावर बोलाच. अन सुरवातीचं बोलनं रेकॉर्ड करतं अन पुसून टाकतं म्हने तू! पुसू नको व बाई. तुहा आवाज गोड हाये, अन नसता तरी काय बिघडलं असतं?

पन पहिली पाहुनी म्हनून माहं नाव कायले टाकलं? वरतं फोटो, अन खाली 'निर्भीड मेंबर भागिरथाबाई'. शेजारची शीला मोबाइल घेऊन दाखवाले आली. हासू दाबून राह्यली होती.

साऱ्या गावाले मालूम हाये ते तुले मालूम नाही. ग्रामपंचायतीत बाईची जागा निघाली म्हनून मी मेंबर झाली. सही माही, बोलनं काकाचं. ग्रामसेवक विचारतात, "मेंबरबाईचं काय म्हननं हाये?" अन पाह्यतात काकाकडं. काका उठतात, बोलतात, बसतात. चांगलंच बोलतात, खोटं कायले सांगू? सुरवातीले मलेच बरं वाटे, सुटली म्हनून. मंग मंग जीव गुदमराले लागला. ते 'निर्भीड' वाचून लय रडली मी. तुह्यावर राग नाही, माही मलेच लाज वाटली.

परवा झेंडावंदन झालं अन ग्रामसभा बसली. ग्रामसेवकानं विचारलं, काकाकडं पाह्यलं. काका गुडघ्यावर हात टेकून उठाले लागले. म्या त्याइचा सदरा धरला अन खाली वढलं. धपकन बसले बिचारे! सारी सभा पाह्यत राह्यली. मी उभी झाली, अन पोरी, काहीच आठवेना. मांगून फुलसिंग म्हने, "बोला ना बाई, कोनी खात नाही." मंग निघालं तोंडातून, "आमच्या ओळीतल्या नळाले पानी येत नाही. बाया हापशीवर उभ्या राह्यतात." इतलंच. बसली. बाकीचं जे पाठ केलं होतं ते घरी येऊन चुलीले सांगितलं.

नळ अजून कोरडाच हाये. पन ग्रामसेवकानं लिवून घेतानी माह्याकडं पाह्यलं.

काका घरी येईस्तोवर मांगं मांगंच चालले. मले वाटलं, रुसले. भाकर खाता खाता म्हने, "इतलं वढाची गरज नव्हती. सांगितलं असतं तं बसलो असतो मी." म्या म्हटलं, सांगाले तोंड उघडा लागते ना! मंग दोघंबी लय हासलो.

तं मी येतो येत्या रविवारी, सकाळच्या एष्टीनं. पन ते 'निर्भीड' काढून टाक. इतले दिवस काहून गप्प होती, हेच विचारजो पहिले. जसं झालं तसं सांगीन. आयकनाऱ्या अर्ध्या बाया माह्यासारख्याच असतीन, त्याइले खोटी वाघीन दाखवून काय फायदा? मधातच अडकली तं अडकू देजो, घाई करू नको.

काका मांगं लागले, "मीबी येतो संगं. तुले सुचलं नाही तं मी सांगीन."

म्या म्हटलं, या. पन बाहेर बसा.

तुही मावशी,
भागिरथा