सुपारी आधी फुटली

१० जाने., शुक्रवार
सुट्टी असूनही पहाटेच जाग. कारखान्याच्या बसची सवय, दुसरं काय. गुडघा तसाच दुखतोय.
दुपारी आमची लेक केतकी एडविनला जेवायला घेऊन आली. आता तो आला की मी लुंगीसुद्धा बदलत नाही, इतका घरचा झालाय. सुरमई तळली, सोलकढी केली. सोलकढी पुन्हा पुन्हा मागून घेतली त्याने. सारावाकचा मुलगा. म्हणजे मलेशियाचाच, पण मलय नव्हे, इबान. तिथल्या जंगलातले मूळ लोक. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी सगळं कळल्यासारखी मान डोलावली होती आणि तो गेल्यावर नकाशात शोधलं होतं. पाइपलाइनचा इंजिनिअर. बोलणं कमी. मला आवडतो. हे केतकीला अजून सांगितलेलं नाही, सांगायला हवं.
त्याची आई आणि मामा फेब्रुवारीत येणार, रमजानच्या आधी. "अंकल, आई तुम्हाला भेटायला येतेय. मस्कत बघायला नाही." बरं म्हटलं.
केतकीची आई, सुधा, असती तर आजपासूनच घर घासायला काढलं असतं. मी पंखा पुसला. तेवढ्यानेच दम लागला.

१७ जाने., शुक्र.
कुरमच्या बागेत मलेशियन कुटुंबांचा मेळावा. केतकीने ओढूनच नेलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर सुक्या मासळीची तिखट चटणी, शेंगदाणे, उकडलेलं अंडं. नाव सोडलं तर सगळं कोकणातलंच. हळदीत पिवळा केलेला चिकट भातही होता. मलय घरात मंगलकार्याला हा लागतोच, असं वाढणाऱ्या बाई म्हणाल्या. मग त्यांच्या मुलामुलींचा झापिन नाच. पाय जेमतेम उचलायचे, साथीला ऊद, म्हणजे तिकडचं तंतुवाद्य, आणि लहान डफ. ऊद ऐकून बागेचा ओमानी रखवालदार जवळ आला. हे आमच्याकडूनच तिकडे गेलंय म्हणाला. कोणी वाद घातला नाही, उलट त्याला भात वाढला.
शेवटी एडविन. डोक्यावर पिसांची टोपी, हातात ढाल, मोबाइलवर घंटांचा ठेका. यांच्या नाचाला ङाजात म्हणतात. हळूहळू वाकायचं, झाडाआड कोणी आहे का बघायचं, थबकायचं, आणि मध्येच आरोळी. एक लहान मूल रडायलाच लागलं. नंतर घामाघूम होऊन माझ्याशेजारी बसला.
"अंकल, तुमच्या गावी काय नाचतात?"
जाखडी म्हटलं. गोल करून, पायात चाळ, मध्ये ढोलकी.
"तुम्ही नाचायचात? दाखवा ना."
गुडघ्याकडे बोट दाखवलं. खरं तर गुडघ्याचा काही संबंध नव्हता. अंगात हौसच उरलेली नाही.

२३ जाने., गुरु.
एचआरच्या साहेबांनी बोलावलं. वय झालं, मार्चनंतर व्हिसा वाढणार नाही. "अंकल, अर्बाब ने बोला है, इज्जत से भेजेंगे." अर्बाब म्हणजे मालक. चहा पाजला. खलास.
चिपळूणचा फ्लॅट आहे. दोन खोल्या, कुलूप. तिथे एकट्याने दिवसभर काय करायचं, कल्पना नाही.
घरी आल्या आल्या सांगणार होतो. केतकीच आधी बोलली. एडविनला सारावाकातल्या मिरी शहरात बदलीची ऑफर आलीय. त्याच्या गावाजवळ. अजून हो म्हटलेलं नाही.
"बाबा, तू काही बोलत का नाहीस?"
चांगलं आहे म्हटलं. खरंच चांगलं आहे. माझं सांगायचं राहून गेलं.

२ फेब्रु., रवि.
मंगलताईचा फोन. बहीण मोठी, त्यात चिपळूणला बसून सगळं हलवणारी. "वसंता, मुलीकडचे आहोत आपण. जरा नमतं घेऊन बोल. आणि सुपारी फोडून टाक, म्हणजे बोलणं पक्कं झालं. लग्न काय ते मग करू." सुटीवरून परत येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर सुपाऱ्या आणि आईचा अडकित्ता धाडला, ते आज मिळालं. इथे रुवीच्या दुकानांत सुपाऱ्या मिळाल्या नसत्या, हे तिला तिथे बसून कसं कळतं कोण जाणे.
अडकित्त्याला तेल दिलं. व्हिसाचं तिलाही नाही सांगितलं.

७ फेब्रु., शुक्र.
काय करून बसलो!
नीट लिहितो. सकाळी मंडळी आली. एडविनच्या आईला सगळे इंदाई म्हणतात, म्हणजे आईच. ठेंगणी, काटक, माझ्याच वयाची. मामा म्हातारे, हसरे, थोडं इंग्लिश येतं. इंदाई आली ती थेट स्वयंपाकघरात. कोंबडी बांबूच्या नळ्यात शिजवायची त्यांची पद्धत. इथे बांबू कुठला. शेवटी माझ्या कुकरात गवती चहा आणि आलं घालून शिजवली, आणि प्रत्येक शिट्टीला दचकत होती. तांदळाची दारू आणता आली नाही याची तिला फार हळहळ. मी तिच्यापुढे सोलकढी ठेवली. वास घेतला, प्यायली, मान हलवली. पास झालो.
जेवणं छान झाली. मला वाटलं, हीच वेळ. ताट घेतलं, हळदकुंकू, अक्षता. अडकित्ता काढला आणि त्यांच्यासमोर सुपारी फोडली. कडाक. खांडं ताटात ठेवून दोन्ही हातांनी ताट मामांपुढे केलं.
मामांचा हात अर्ध्यावर थांबला. इंदाईने तोंडावर पदर घ्यावा तसा गळ्यातला रुमाल धरला.
एडविन हळूच म्हणाला, "अंकल, आमच्यात सुपारी फोडली की लग्न लागलं."
मला कळेना. आमच्यात बोलणं पक्कं, म्हटलं. "हो. आमच्यात लग्नच. मोठी माणसं फोडतात, दोन्ही घरांची माणसं जमवून. चर्च, रजिस्टर वगैरे नंतर." केतकी आधी हसायला लागली, मग हसता हसता रडायला. घरच्या कपड्यांत, जेवणाची ताटं अजून तशीच, आणि माझ्या लेकीचं लग्न लागून गेलेलं! तेही मी लावलेलं.
मामाही हसले, पण इंदाई नाही. ती बराच वेळ बोलली. एडविनने सांगितलं ते असं: सुपारी फोडण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो राहिला. जोडपं कुणाच्या घरात राहणार? त्यांच्या गावी एकाच लांबलचक घरात सगळं गाव, प्रत्येक कुटुंबाचा आपला भाग. लग्न झालं की कधी मुलगी जाते, कधी मुलगा जातो. कुणाची मान खाली होत नाही. मामा स्वतः बायकोच्या घरी राहायला गेलेले. इंदाईचं घर एडविनची थोरली बहीण धरून आहे, त्यामुळे तिच्याकडून अडचण नाही. तेव्हा आता मुलीच्या बापाने सांगावं.
मला कोणी असं विचारेल हे डोक्यातच नव्हतं. तोंडातून सवयीनेच गेलं, "मुलगी आता तुमचीच."
इंदाईने मान हलवली. "आई म्हणते, हे उत्तर नाही. हे तुम्ही पाहुण्यांशी चांगलं वागताय."
मग खांडं स्वतः विणून आणलेल्या लाल कापडात बांधली आणि देव्हाऱ्यात सुधाच्या फोटोपाशी ठेवली. एकोणीसला, बुधवारी, ती परत निघायच्या आधी उत्तर द्यायचं.

११ फेब्रु., मंगळ.
मंगलताईला सांगितलं. आधी सुपारीवरून हसली, मग भडकली. "घरजावई करून घेणार? लोक काय म्हणतील?" कोण लोक? चिपळूणला मला ओळखणारी माणसं तरी किती राहिली! पहिल्यांदाच तिच्यावर फोन ठेवला. मग वाईट वाटलं, पुन्हा केला, तिने उचलला नाही.
केतकी म्हणते, "बाबा, करेक्ट काय ते नको सांगू. तुला काय पायजे ते सांग." हिचं मराठी अडखळतं पण नेमकं तिथेच बोट ठेवते. मला काय पाहिजे हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारत नाही. सोपं पडतं. आयुष्यभर बसची वेळ, शिफ्टची वेळ, सुट्टीची वेळ दुसऱ्याने ठरवली.
गुडघा तसाच. खूप दमतो हल्ली, काही न करता.

१४ फेब्रु., शुक्र.
सगळ्यांना घेऊन इब्राला. एडविनची गाडी. बाजारात इंदाई खजूर आणि सुकी मासळी हुंगत फिरली. एका ओमानी आजीशी तिचं काय जमलं देव जाणे. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या, आजीने तिच्या रुमालाची वीण उलटीसुलटी करून पाहिली.
परतताना एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, थांबलो. मामांनी वाळूत ङाजातची दोन वळणं घेतली, तोंडानेच घंटा वाजवत. मग माझ्याकडे पाहिलं. आज कोणास ठाऊक काय झालं, उठलो. जाखडीची पावलं, एक पुढे, एक मागे, टाळी. केतकीने मोबाइलवर घेतलं. तिने बापाला नाचताना कधी पाहिलेलंच नाही. गुडघ्याने लगेच हिशेब चुकता केला, पण बरं वाटलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं.
चहा पिताना इंदाई माझ्याकडे बघून बोलली, एडविन सांगत गेला. तिच्या लग्नात तिच्या वडिलांना हाच प्रश्न विचारला होता. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले ते. ती नवऱ्याच्या घरी गेली. घर चांगलं, नवरा चांगला. पण वडिलांना आपण नकोच होतो, असं तिला वाटत राहिलं. म्हातारपणी त्यांनी सांगितलं, की भिडेपोटी बोललो नव्हतो. तोवर तिची मुलं मोठी झालेली.
परतीच्या वाटेवर केतकी पुढे बसून एडविनशी इंग्लिशमध्ये हसत होती. तिच्या मानेकडे बघत बसलो.

१९ फेब्रु., बुध.
आज अर्धा दिवस घेऊन लवकर आलो. पाच वाजता मंडळी आली, सामान गाडीतच. आठला विमानतळावर पोचायचं.
इंदाईने देव्हाऱ्यातलं लाल कापड उचलून माझ्यापुढे ठेवलं. मामा मांडी घालून बसले. प्रश्न मामांनीच विचारला, इंग्लिशमध्ये, सावकाश. कोणाचं घर?
इंग्लिशमध्ये बोलायला जमेना. केतकीला म्हटलं, तू सांग त्यांना. आणि मराठीत बोललो. मार्चनंतर माझा व्हिसा नाही. चिपळूणला जातोय. तिथे दोन खोल्या आहेत. मला एकट्याला राहायचं नाही. तुम्ही दोघं माझ्याजवळ असावीत असं मला वाटतं. जमेल की नाही, बरोबर की चूक, ते मला माहीत नाही. पण विचारलंत, म्हणून सांगतो.
केतकीने भाषांतर केलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. "मार्च? बाबा, तू मला आधी का नाही सांगितलंस?" मग रडत रडतच एडविनला सगळं सांगितलं, त्याने आईला. एवढं सगळं दोघांतून फिरून इंदाईपर्यंत पोचेस्तोवर माझा जीव टांगणीला. ऐकून तिने माझ्या हातावर हात ठेवला. मामा म्हणाले, "गुड. दिस इज ॲन्सर." पण ठरायचं ते मुलांनीच, म्हणाले. त्यांनाही विचारावं लागतं, नाहीतर सुपारी नुसतीच फुटली.
दोघं खाली गेली. मिरीची ऑफर आहे. नाहीतर पुण्यात कुठेतरी बघता येईल, असं एडविन जिन्यात म्हणाल्याचं ऐकू आलं. की ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. केतकीचं काय, तिची नोकरी, तिला चिपळूण म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीपुरतं ठाऊक. ती नाही म्हणाली तर मी रागावणार नाही. वाईट वाटेल, तेही लपवणार नाही आता.
हे लिहितोय तेव्हा इंदाई गॅलरीत उभी राहून खाली बघतेय. दोघं गाडीला टेकून बोलताहेत, अजून संपलेलं नाही. मामा कापडाची गाठ न सोडता तिच्याशी नुसता चाळा करताहेत. निघायची वेळ होत आली, पण कोणी घाई करत नाही.
इंदाईने आत येऊन बोटांनी विचारलं, चिपळूणला खोल्या किती? दोन बोटं दाखवली. तिने मान डोलावली, हाताने पडदा ओढल्यासारखं करून खिडकीकडे बोट केलं. तिथे पडदे नाहीत म्हटलं. मग तिने गॅसकडे बोट दाखवलं आणि कप तोंडाला लावल्यासारखं केलं.
मी खालच्या दोघांना धरून पाच जणांचा चहा टाकला.