इंजिन न उघडता

अण्णा,

आज एकादशी. साबुदाण्याची खिचडी झाली, ओटा लवकर आवरला, विनायकाचं दर्शनही सकाळीच घेऊन आले, आणि पुष्कळ दिवसांनी फुरसत मिळाली म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहून सुनेनं सासऱ्याला काय पत्र लिहायचं? पण ही गोष्ट या घरात दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. तुमच्या गाडीला टर्बो बसवला आहे. दचकू नका. इंजिन उघडलेलं नाही.

हे खूळ तुमच्या नातीचं, आणि मुळात तुमचंच. रेल्वेच्या इंजिन कारखान्यातून तुम्ही दमून यायचात, हातपाय धुऊन पाटावर बसायचात, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच टर्बो सुरू व्हायचा. धुराड्यातून जो धूर फुकट जातो त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्या पंख्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. सासूबाई म्हणायच्या, "आधी वरण निवतंय ते बघा." ऐकणारी मी एकटीच. फुकट जाणाऱ्या धुराकडूनही काम करून घ्यायचं, हे माझ्यासारखीला किती पटलं होतं म्हणून सांगू! पुढे नातीला मांडीवर घेऊन तुम्ही तेच सांगायचात आणि शेवटी म्हणायचात, "एक दिवस आपल्या गाडीलाही लावू." ती आता इंजिनिअर झाली आहे, रामनगरच्या एका वर्कशॉपमध्ये काम करते. गाडीही अजून तिथेच, गंगेच्या पुलापलीकडच्या त्याच शेडमध्ये आहे. काशीतल्या आमच्या गल्लीत अजूनही सांड आडवा आला की माणसानं भिंतीला चिकटायचं, तिथे गाडी कुठली येणार! शहराबाहेर एका बंद धावपट्टीवर घड्याळ लावून गाड्या पळवतात, तिथे तिला ही गाडी न्यायची आहे. रस्त्यावर अशी गाडी चालवायला परवानगी नाही, म्हणून ट्रकवर चढवून नेणार. तुमचे चिरंजीव पेपर बाजूला न करता म्हणाले, "अण्णांनी जन्मभर चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. आता तिला पंख लावा, आणि मला काशीतच सोडा."

मी नाही म्हणणार नव्हते. पण तिच्या वर्कशॉपचा मिस्त्री म्हणाला, "अम्माजी, पहले इंजन खोलना पड़ेगा." जास्तीची हवा कोंबली की आतला दाब वाढतो, तो सोसायचा तर इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं झाकण, उतरवून खाली जाड पत्रा घालायचा. तो बोलत होता आणि मला ती शेडमधली दुपार दिसत होती. तुमचं शेवटचं वर्ष. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलेलं, आणि तुम्ही घरी कथेला जातो सांगून रामनगरला इंजिन खोलून बसलेले. मी डबा घेऊन आले तेव्हा आतल्या दट्ट्यांवर नव्या रिंगा बसवून झाल्या होत्या. तुम्ही मला जवळ बोलावलंत. दट्ट्यांची चार भोकं, आरशासारखी चकचकीत. "सूनबाई, बघून घे. आता हे पुन्हा दिसायचं नाही." मग डोकं बसवलंत आणि मधून बाहेर, मधून बाहेर असे एकेक बोल्ट आवळत गेलात. हात थरथरत होता, पाना थरथरत नव्हता. शेवटचा बोल्ट आवळून तुम्ही डबा उघडलात आणि विचारलंत, "भरली वांगी?" त्या दिवसानंतर त्या इंजिनाला आतून कुणाचा हात लागलेला नाही. मी मिस्त्रीला म्हटलं, "खोलना नहीं है." तो हसला. "अम्माजी, मंदिर का दरवाज़ा थोड़े है." मी म्हटलं, "हमारे लिए है."

मग लेकीनं मला वर्कशॉपच्या बाकावर बसवून समजावलं. घरचा हिशेब तुम्ही स्वतःच्या मुलाला न देता माझ्या हातात दिला होतात, तेव्हापासून या घरात कुठलीही मोठी वस्तू माझ्याशी बोलल्याशिवाय येत नाही. ती म्हणाली, "आई, सगळा खेळ कम्प्युटरचा आहे." गाडीत मुळातच एक छोटा कम्प्युटर आहे, किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची, ते तो ठरवतो. त्याला टर्बो ठाऊक नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मध्ये एक डबी बसवायची. हवा किती आली याचा आकडा ती डबी बदलून पुढे सांगते, मग जुना कम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवतो. पण ठिणगीवर त्या डबीचा ताबा नाही, त्यामुळे इंजिन उघडणं आलंच. दुसरा उपाय परदेशी तयार कम्प्युटर. त्याची किंमत ऐकून मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तिसरा, सुटे भाग आणून ती स्वतः जोडणार. त्यात पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही आपल्या हातात. दाब थोडाच ठेवला आणि ठिणगी जरा उशिरा पाडली तर आहे तेच इंजिन सोसेल. "मग यात वाईट काय?" मी विचारलं. "वाईट हे की तो कोरा येतो. सब कुछ अपने को भरना है." मी म्हटलं, मग तोच घे. कोरी वही मला कधी महाग वाटली नाही. वर मी तिला एक गोष्ट आणखी घ्यायला लावली, तिला वाटलं मी नको म्हणेन. धुराड्यात बसवायचा एक चांगला सेन्सर, पेट्रोल जास्त होतंय की कमी ते नेमकं दाखवणारा. तराजूच खोटा असला तर स्वस्त डाळ घेऊन काय करायचं?

आता खरं सांगते, पुढचे रविवार मला फार आवडले. ओळखीच्या वीटभट्टीवाल्याचं मोकळं आवार आहे, तिथे ती गाडी चालवायची आणि मी शेजारी, पदर खोचून, मांडीवर लॅपटॉप. पडद्यावर घरंच घरं, आडवी आणि उभी. इंजिन इतकं फिरतंय आणि हवा इतकी आहे, तर पेट्रोल किती, ते त्या त्या घरात लिहिलेलं. आधी अंदाजानं भरायचं, मग चालवून खरं काय ते बघून दुरुस्त करायचं. घरखर्चाचं मी आयुष्यभर दुसरं काय केलं! एका कोपऱ्यात मात्र मला आकडे भलतेच वाटले. "इथे इतकं कशाला? सगळं जळतही नाही म्हणतेस, मग धुराड्यातून बाहेर टाकायला भरायचं?" ती म्हणाली, "राहू दे ना आई." मी म्हटलं, "थोडं कमी करून तर बघ." दोन-तीनदा म्हटलं. शेवटी वैतागून म्हणाली, "अच्छा बाबा, कर. एकच घर." मी कमी केलं. तिनं गाडी दाबली, टर्बोची शीळ चढत गेली, आणि पुढून आवाज आला, गरम कढईत लाह्या फुटाव्यात तसा. तिचा पाय क्षणात वर. गाडी थांबली. ती मला रागावली नाही. इतकंच म्हणाली, "ते पेट्रोल जळायला नाही ग. आत थंड ठेवायला आहे."

अण्णा, या घरातला माझा पहिला उन्हाळा आठवतो का? बाहेर लूच्या झळा चाललेल्या, तुम्ही कारखान्यातून आलात, आणि मी टाकीचं पाणी वाचावं म्हणून कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवला होता. खस-वाळ्याच्या कोरड्या ताटीतून भट्टीसारखा वारा येत होता. माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. "सूनबाई, ते पाणी वाया जायलाच असतं! ते उडालं तर वारा निवतो. कुठे वाचवायचं ते कळेल तेव्हा घर चालवशील." मी मोरीत जाऊन रडले होते. संध्याकाळी तुम्ही खसाची नवी ताटी घेऊन आलात आणि मलाच ती भिजवायला लावलीत. वीटभट्टीच्या धुळीत बसून मी ते घर पुन्हा भरलं, आधीपेक्षा जरा जास्तच. लेकीनं बघितलं. "क्या बात है, दिल खोल दिया!"

त्या दिवशी इंजिनाला काही झालं नाही. गाडी आता अशी पळते की मला डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणावं लागतं, आणि ते संपायच्या आत आवाराची भिंत येते. मिस्त्रीही म्हणाला, "मान गए अम्माजी, बिना खोले हो गया." मी पेढे वाटले. तुमच्या फोटोसमोरही ठेवले होते.

पण इतकंच सांगायचं असतं तर कागद घेऊन बसले नसते. गेले काही आठवडे इंजिन तेल पितं आहे. फार नाही, पण पितं. सकाळी पहिल्यांदा चालू केलं की, ती आत बसलेली असताना, मागून निळसर धूर येतो, मग थांबतो. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण शेडची एक किल्ली माझ्याकडे असते आणि देवदर्शन आटोपून मी तिच्या आधी पोचते. तेल मोजायची पट्टी काढते, कमी असेल तेवढं तेल भरते, पट्टी पुसून जागेवर ठेवते. मग ती येते, पट्टी बघते आणि दर वेळी म्हणते, "देख आई, एक थेंब कमी नाही. आजोबांनी बसवलंय!" मी मान हलवते. आतलं काहीतरी झिजलं आहे, ते उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि असं इंजिन दाबात पळवणं बरं नव्हे, एवढं आता मलाही समजतं. धावपट्टीचा दिवस जवळ आला आहे, आणि गाडीत माझी मुलगी बसणार आहे.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठे? द्यायचं तर तिलाच द्यायला हवं. सांगणार आहे मी, अण्णा, पळवायच्या आधी नक्की सांगणार आहे. पण आज सकाळी विनायकाहून परतताना पुन्हा पुलापलीकडे जाऊन तेल भरून आले.