खुकरी, दुसऱ्यांदा

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद.

मी गंगाधरराव मोहिते, बी. कॉम., हूटगळ्ळीच्या कारखान्यात मुख्य लेखापाल, आणि तुझा सख्खा काका. नाव, हुद्दा व प्रयोजन आधी मांडावे ही माझी सवय तुला ठाऊक आहे, हसू नकोस. प्रयोजन एवढेच, की तुझी विनंती मला अमान्य आहे.

पुढच्या महिन्यात नौदलात दाखल होणाऱ्या नव्या 'खुकरी'वर तुझी नेमणूक झाली, हे वाचून अभिमान वाटला. परंतु आईला दुसऱ्याच जहाजाचे नाव सांगा, असे तू लिहितोस.

एकाहत्तर साली तू पाच वर्षांचा होतास. तुझ्या बाबांची, आमच्या दादांची, 'म्हैसूर'वरून जुन्या 'खुकरी'वर बदली झाली, ती त्यांनी घरात कळू दिली नाही. आपल्या गावाचे नाव असलेल्या जहाजावर नवरा म्हणजे अंगणातच असल्यासारखा, असे वहिनी मानीत. तो धीर त्यांना मोडवला नाही. डिसेंबरात 'खुकरी' बुडाल्याचे रेडिओवर ऐकून वहिनींनी त्या परक्या घरांसाठी देवापुढे समई लावली. तार आली तेव्हा तीच समई जळत होती.

ते पुन्हा घडणे नाही. तू कळव, अन्यथा मी सांगेन.

तुझी वनजाताई बोगादीला घर पाहते आहे आणि लांब पडते म्हणून कुरकुरते आहे. या नकाराने माझा लोभ कमी झाला असे समजू नये.

तुझा,
गंगाधरकाका
चामराजपुरम, म्हैसूर
२ जुलै १९८९

मुंबई, १० जुलै १९८९

ती. काकांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचले. ताईला म्हणावे, मला झोपायला एक फळी मिळते, तेव्हा बोगादीला नावे ठेवू नको.

आईला लिहायला बसतो, पण 'ती. आईस' यापुढे हात चालत नाही. काका, ही नेमणूक मला मिळाली नाही. मी ती मागून घेतली. आईने नको म्हटले, तर मी अर्ज मागे घेईन. तिचे मन मोडून त्या डेकवर पाय ठेवणार नाही. आणि मागे घेतला, तर बाबांना ओळख न दाखवता पुढे गेल्यासारखे जन्मभर वाटेल.

तुम्हीच सांगत असा, की आपले पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात असताना लढाईत घोडा पडला, की नव्या घोड्याला त्याचेच नाव मिळे. नौदलाचीही तीच रीत आहे. आईला अशा शब्दांत सांगून पाहाल का? कामात चित्त लागत नाही. उत्तर लवकर यावे, कृपा असावी.

आपला,
सयाजी

चि. सयाजीस अनेक आशीर्वाद.

काल वहिनींना सांगितले. मी आधी प्रस्तावना केली: 'म्हैसूर' सेवेतून निवृत्त झाली, जुन्या नौकांची नावे नव्यांना देण्याची प्रथा आहे, वगैरे. त्या कढीपत्ता खुडत म्हणाल्या, की सुम्ने, उगाच फिरवू नका भावोजी, काय ते बोला. मी बोललो, घोड्यांचेही सांगितले. त्या उठून आत गेल्या. वनजा दाराशी, मी ओसरीवर येरझारा घालत; चहा निवून गेला तो तसाच.

बाहेर आल्या त्या रागावून. तुझ्यावर नव्हे, नौदलावर आणि माझ्यावर. पुरुषांनी रीत अर्धीच सांगितली, असे त्यांचे म्हणणे. घोड्यासोबत पडलेल्या स्वाराची बायको नव्या घोड्याला गूळ-हरभरे भरवी, आणि त्यानंतरच ते नाव त्याला लागे. त्यांना हे सासूबाईंनी सांगितले होते. इतकी वर्षे आम्हाला विचारण्याचे सुचले नाही.

तेव्हा अर्ज मागे घेऊ नकोस. वहिनी मुंबईस येत आहेत, सोबत मी. समारंभाला प्रवेश मिळण्याची खटपट तू करावीस. हरभरे भिजवून आणावेत की कोरडे, यावर वहिनी व वनजा या दोघींचा वाद चालू आहे. मी त्यात पडत नाही.

तुला कळवायचे त्यांचे शब्द मात्र जसेच्या तसे देतो: "घोड्याला तोंड असतं. जहाजाला कुठं भरवायचं, ते तिथं विचारून ठेव."

हे विचारून उलट टपाली कळवावे. सर्वांचा लोभ आमच्याआधीच गाडीत बसला आहे.

तुझा,
गंगाधरराव मोहिते
चामराजपुरम, म्हैसूर
१९ जुलै १९८९