दारातला शिलिंग

१२ जून १८४२
आलो एकदाचे समुद्र ओलांडून! बोटीने माझ्या बायकोची, पेगीची, पार रया घालवली होती, पण घर दिसलं मात्र, बाईसाहेब अशा धावत सुटल्या की सामानाच्या गाडीपाशी मी एकटाच उरलो. घर ओंडक्यांचं आहे, छप्पर धड आहे, चूल ऐसपैस आहे. समोर खाडी आणि पलीकडच्या काठावर काळं रान. आधीचा भाडेकरू कुठे गेला ते कोणी धड सांगत नाही, पण गडी कष्टाळू असणार. बटाट्याची जमीन त्याने छान साफ करून ठेवली आहे.

या खाडीकाठची सगळी जमीन सर जॉर्ज पेनरोथ यांची. साहेब इंग्लंडात असतात, इथे त्यांना कोणी पाहिलेलं नाही. भाडं वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरात, टकवेल नावाच्या कारभाऱ्याकडे, त्याच्या दुकानात, भरायचं. मी पेगीला शब्द दिला आहे की कोल मॅकॅस्किलच्या नावावर एका पेनीचीही बाकी राहणार नाही. मायदेशी, स्काय बेटावर, बापाच्या थकलेल्या भाड्यापायी शिपायांनी आमच्या डोक्यावरचं छप्पर उतरवलं. आमचं तान्हं पोर त्या थंडीत गेलं. ते पुन्हा होऊ देणार नाही.

३० जून
शेजारी फिंगल मॅकफी खारवलेली हेरिंग मासळी घेऊन आला. तोंडात दात नाहीत, पण जिभेला हाड तरी कुठे आहे? मी कुदळ धरतो ती पाद्र्याने चमचा धरावा तशी, असं म्हणाला. पेगी इतकी हसली की तिला ठसका लागला. कित्येक महिन्यांनी तिचं हसू ऐकलं. म्हाताऱ्याला त्यासाठी सगळं माफ.

जाताना म्हणाला, भाडं भरायच्या आधी मला येऊन भेट रे लेका, विसरू नकोस. मी बरं म्हणालो.

१४ नोव्हेंबर
विसरलो. ओट विकून पैसे हाती आले आणि तसाच टकवेलच्या दुकानी गेलो. तिथे भलताच तमाशा. रांगेतला प्रत्येक जण एक शिलिंग कमी देत होता. ज्याच्या गोठ्यात आठ गाई तोही, आणि ज्याच्या अंगावर धड कोट नाही तोही. टकवेल ओरडायचा, भाडेकरू डोकं खाजवायचे, पुढच्या वेळी नक्की म्हणायचे, की पुढचा सरसावायचा. माझी पाळी आली तेव्हा मी सगळी रक्कम मोजून ठेवली. सगळी रांग माझ्याकडे वळून पाहू लागली. छाती फुगली माझी, खोटं कशाला सांगू.

परतताना फिंगलने गाठलं. अरे गाढवा, हे काय केलंस, म्हणाला. त्याला दारातला शिलिंग म्हणतात. तेवढी बाकी दारात राहिली की साहेब उंबरा ओलांडत नाही. ज्याच्याकडून पैसे येणं असतात त्याला तो निरोप धाडतो, कारभारी धाडतो. ज्याच्याकडे काहीच येणं नाही त्याच्याकडे तो स्वतः येतो. माझ्या बापाच्या लहानपणीही हाच सर जॉर्ज होता, म्हणाला. मी खो खो हसलो. तो हसला नाही.

२० जानेवारी १८४३
फिंगलच्या बायकोने, कर्स्टीने, ती गोष्ट पेगीच्या कानात भरली आहे. आता ही रोज मागे लागते. एक शिलिंग म्हणजे काय रे कोल, दोन कोंबड्या, ठेव की बाकी. मी चिडलो. ज्या बाकीने आपलं पोर खाल्लं ती मी हौसेने ठेवू, असं ओरडलो. बोलायला नको होतं.

तिला अजून छप्पर उतरवल्याची स्वप्नं पडतात. दचकून उठते आणि वर हात करून चाचपते.

१६ मे
आज कालवड विकली आणि पुढच्या अख्ख्या वर्षाचं भाडं आगाऊ भरून टाकलं. आता तरी पेगी निवांत झोपेल. टकवेलला आनंद होईल असं वाटलं होतं. त्याने नाणी उचलून पेटीत टाकली आणि हात रुमालाला पुसत राहिला. म्हणाला, साहेबांनी हिवाळ्यातच विचारलं होतं, हा मॅकॅस्किल कोण म्हणून.

पेगीला सांगितलं तर ती रडली. मला वाटलं, आनंदाने.

९ ऑगस्ट
टकवेल स्वतः घरी येऊन गेला, घोड्यावरून उतरलाही नाही. साहेब बोटीत बसले आहेत. आपल्या सगळ्यात चोख भाडेकरूला त्यांना पाहायचं आहे. मी भिंतींना चुना काढला. थोडा अभिमानही वाटला. पेगीने चुन्याला हात लावला नाही.

३ सप्टेंबर
चूल पेटते, पण घर तापत नाही. हात जाळात धरला तरी बोटं गारच. पेगी म्हणते, पलीकडच्या काठावर कोणी उभं आहे. पाहिलं तर खरंच होतं. उंच, काळा कोट. सकाळी होता, दुपारच्या पावसात होता, आत्ता दिवे लावतानाही आहे. हलत नाही.

११ सप्टेंबर
आता तो अलीकडच्या काठावर आहे. होडी नाही. कपडे कोरडे.

पेगी गाणं म्हणायची थांबली आहे. ताक घुसळताना नेहमी म्हणायची.

१९ सप्टेंबर
टकवेलकडे गेलो. पाया पडलो म्हणा ना. माझे पैसे परत द्या, माझ्या नावावर बाकी दाखवा, एक शिलिंग तरी. म्हणाला, भरलेलं भाडं परत होत नाही. मग हळूच म्हणाला, मीसुद्धा त्यांचाच भाडेकरू आहे हो, मीसुद्धा शिलिंग ठेवतो. तुम्हाला सांगायला हवं होतं.

फिंगलने दार उघडलं नाही. आतून रडत होता. जा रे लेका, म्हणाला, इथे उभा राहू नकोस, तो तुझ्या मागून बघतोय.

वळून पाहिलं. आमच्या बटाट्याच्या शेतात —

२६ सप्टेंबर
पेगी जेवायला तीन वाडगे मांडते. कोणासाठी, विचारलं तर तिलाच आठवत नाही. हात बर्फासारखे. रात्रभर चोळतो, ऊब येत नाही. मीच केलं हे. तिने एक शिलिंग मागितला होता, फक्त एक —

२ ऑक्टोबर
तो आत आहे. माझ्या खुर्चीत, चुलीकडे तोंड करून. ती त्याला मालक म्हणते. मी ओरडलो, शिव्या दिल्या, कुऱ्हाड उगारली. त्याने मान वळवली नाही. मी नाहीच जणू. त्याचं माझ्याकडे काही निघत नाही — मग तो माझ्याकडे का पाहील?

५ ऑक्टोबर
सकाळी दारात पेगीने मला अडवलं. कोण हवंय आपल्याला, म्हणाली. मी म्हणालो, अगं, मी कोल. ती विचारात पडली. मग सभ्यपणे म्हणाली, इथे कोल नावाचं कोणी राहत नाही.

ओढत न्यायला गेलो. तिला जागचं हलवता आलं नाही. परक्याने हात धरावा तशी किंचाळली. सोडलं.

६ ऑक्टोबर
गोठ्यात झोपतो आहे. कुठेही जाता येईल, रस्ता मोकळा आहे. तिला सोडून कुठे जाऊ —

९ ऑक्टोबर
ती आली! गोठ्याच्या दारात. मालकांनी विचारलंय, गोठ्यात कोण राहतं, आणि त्याचं भाडं. सवयीने माझा हात खिशात गेला. नाणं बोटांत आलं.

मग तसंच सोडलं. म्हणालो, आज नाही. ती म्हणाली, ठीक आहे, उद्या येते.

उद्या येते, म्हणाली.

१० ऑक्टोबर
आली. दिलं नाही. जरा वेळ थांबली. थंडी वाजते का इथे, असं विचारलं.

ती गेल्यावर खिशातली सगळी नाणी खाडीत फेकली. हात पुन्हा खिशात जायला नको. माझी बाकी आहे तोवर तिला यावंच लागेल —

११ ऑक्टोबर
आज माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. म्हणाली, तुम्हाला कुठेतरी — आणि घरातून हाक आली. गेली.

१२ ऑक्टोबर
पावलं वाजताहेत. तीच. आज तिला जवळ बसवून घेईन. सांगेन, नाही गं माझ्याकडे, उद्या ये, परवाही ये, पेगी, रोज मागायला ये, आणि मी रोज तुला —