प्लगाला दसरा कळत नाय

निरगुडसर,
२४ ऑगस्ट २००३

चिरंजीव सोपानला आईचे पोटभर आशीर्वाद.

आमी इकडं खुशाल हाय. बाजरी निसवलीय. मस्कतात ऊन लई म्हणत्यात, डोकं झाकून काम कर. फोनवर तू मधीच "बरं, ठेवू का" करतोस, म्हणून कागद घेतला.

तू धाडलेले आळ्याचे दादाभाऊ बुधवारी गाडी बघायला आले व्हते. ते मागनं सांगते, आधी गाडीचं ऐक.

श्रावणात भीमाशंकरची भाडी लागली. डिंभ्याच्या पुढं चढाला आपली व्हॅन आचके द्यायला लागली. सकाळी चालू व्हायला रडायची, पेट्रोल तर नुसतं ढोसायची. गॅरेजवाला लांबूनच ऐकून म्हणाला, इंजिन खोलावं लागंल. तुला कळवलं तर तू म्हणालास, विकून टाका. आरं, विकून कसं चालंल? आता घर त्या गाडीवरच चाललंय.

तुझी बायको मातर म्हणाली, "आत्या, आधी प्लग बघू."

मी म्हणाले, "अगं, प्लग दसऱ्याला बदलायचे असत्यात." दसऱ्याला गाडीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आन नवे प्लग बसवायचे, ही रीत तूच घातलीस ना?

उज्ज्वला हसली कशी! "आत्या, प्लगाला दसरा कळत नाय, किलोमीटर कळत्यात. हे व्हते तवा गाडी आठवड्याला एकदा निघायची, वरीस सहज जायचं. आता रोज मंचर, रोज पोरांची शाळा. साधे प्लग वीस हजार किलोमीटरच्या आसपास उरकत्यात. आपली गाडी कवाच पुढं गेली."

इंजिन गार होऊ दिलं, पुढची सीट उचलली आन पदर खोचून बसली. एका वेळी एकच वायर काढायची, म्हंजी अदलाबदल होत नाय. निघालेल्या प्लगांची टोकं झिजून बोथट झालेली, वर काजळी. मी म्हणाले, पॉलिश पेपरनं घासून परत लाव की.

"झिजलेलं टोक घासून वाढतंय व्हय? चार दिवस पळंल आन घाटात परत रुसंल."

नवे प्लग आधी हातानं फिरवले, मग पान्यानं बेतानं आवळले. चावी फिरवली आन काय सांगू तुला, एका झटक्यात चालू! कुठं शिकलीस इचारलं, तर म्हणाली, "हे काम करायचे तवा बॅटरीचा उजेड कोण धरायचं?"

तू इचारशील, गाडीवर ठेवलेला डायवर भगवंत कुठं व्हता? भगवंत शिमग्यापासून चाकणला कंपनीत हाय. गाडी उज्ज्वलाच चालवती, भीमाशंकरच्या घाटातसुद्धा. तिनं स्टेअरिंगला हात लावायचा नाय असं तू जाताना बजावलं व्हतंस, म्हणून तुला सांगितलं नाय. आधी गाव दात काढायचं. आता बाया म्हणत्यात, आमाला उज्ज्वलाचीच गाडी पायजे, तिनं ब्रेक मारला तरी मांडीवरचं पोर जागं होत नाय. 

तर दादाभाऊ आले, चक्कर मारली आन खूश झाले. "मावशी, गाडी लई झ्याक हाय! आजच नेतो."

उज्ज्वलानं चावी माझ्या हातात दिली आन आत गेली. गाडी तुझ्या नावावर, शब्दबी तुझा. ती चुलीकडं तोंड करून बसली. मी दादाभाऊंना चहा पाजला आन म्हणाले, "पावणं, माफ करा, गाडी द्यायची नाय. आमच्या सुनेची हाय ती."

तुझा शब्द मी मोडला. चिडायचं तर माझ्यावर चीड. पण आता फोन करशील तवा आधी तिला बोलव आन म्हण, चांगली चालवतीस. गावानं म्हणून झालंय, ती तुझ्यासाठी थांबलीय.

उद्या सोमवार. तिच्या शेजारच्या सीटवर बसून मी भीमाशंकरला चाललेय.

उज्ज्वलाची आन तुझी आई,
कुशाबाई